सुट्टीवरचा सुपरमॅन : मालेगावच्या नटांची कारकीर्द

भिवंडीत राहणाऱ्याला मालेगाव परके वाटत नाही. दोन्ही गावे जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याची, दोन्हीकडे यंत्रमागांचा खडखडाट, दोन्हीकडे मीटरवर मजुरी आणि बारा तासांची पाळी. बाहेरच्या माणसाला दोन्ही गावांच्या नावांनी आधी जे आठवते तेही एकाच जातीचे : भिवंडीचे १९७० आणि १९८४, मालेगावचे २००६ आणि २००८. आमच्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत मागांच्या गल्ल्यांतून व्हिडिओ पार्लरे होती. पत्र्याचे छत, बाकडी, एक मोठा टीव्ही आणि पाळी सुटलेली माणसे. कपड्यांवरचा कापूस न झटकता ती येऊन बसत. मालेगावातही अशीच पार्लरे होती. फरक एवढाच की तिथल्या एका पार्लरवाल्याला नुसते सिनेमे दाखवून समाधान झाले नाही.

नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला, त्याची कथा आता पुष्कळांना ठाऊक आहे. घोड्यांच्या जागी सायकली आल्या, क्रेनच्या जागी बैलगाडी, आणि नट म्हणून शेजारीपाजारी. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. तो बनत असताना फैझा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा सुमारे तासाभराचा माहितीपट केला (२००८). तो भारतातल्या चित्रपटगृहांत पोचला २०१२ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी याच मंडळींवरचा रीमा कागती दिग्दर्शित, वरुण ग्रोव्हर लिखित 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट लागला. एक विडंबनपट, त्यावर माहितीपट, त्यावर कथापट असे हे तीन थर. नासिर आणि 'मोले' ही जोडी, जुगाड, 'छोट्या गावाची मोठी स्वप्ने' यांवर भरपूर लिहिले गेले. मला या लेखात फक्त अंगात सुपरमॅनचा पोशाख घालणाऱ्या माणसाकडे पाहायचे आहे. त्याच्या कारकिर्दीला कारकीर्द म्हणता येते का, आणि पडद्यावर ती सांगताना आपण तिचे काय केले?

शफीक शेख यंत्रमागावर काम करत. अंगाने काटकुळे. निवड झाली ती त्याच कारणाने. मूळ सुपरमॅन छाती फुगवून उभा राहतो. मालेगावच्या सुपरमॅनची छाती दिसत नाही, चड्डीची नाडी दिसते. त्याला दमा आहे, कारण मालेगावच्या हवेत उडायचे म्हणजे धूळ आणि धूर छातीत घ्यायचा. हा विनोद मालेगावच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही, भिवंडीच्याही नाही. मागाच्या खोलीत आयुष्य काढलेल्याच्या घरात खोकणारे माणूस असतेच. नायकाला गावाचाच आजार जडवणे ही या विडंबनातली माझ्या मते सर्वांत तीक्ष्ण कल्पना. तिला नुसते 'भाबडे' म्हणणाऱ्या समीक्षकांनी ती नीट पाहिलेली नाही.

माहितीपटात शफीक यांच्या नटपणाचा जो हिशोब दिसतो तो दिवसांचा आहे. मागावर सुट्टी टाकायची म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची. चित्रीकरण लांबले की सुट्टी लांबते. कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम खोळंबते. मध्येच शफीक यांचे लग्न होते. आकाशात उडायचे म्हणजे हिरव्या कापडासमोर आडवे होऊन हात पुढे करायचे आणि वाऱ्याची वाट पाहायची. त्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी एक विलक्षण गांभीर्य असते. हसवायचे काम आहे हे त्यांना माहीत आहे, पण ते स्वतः हसत नाहीत. चांगल्या विनोदी नटाची ही खूण आहे, आणि ती कुणी शिकवलेली नाही.

'कारकीर्द' या शब्दात आपण एक चढण गृहीत धरतो : पहिली भूमिका, मग मोठी, मग त्याहून मोठी. सुपरमॅनच्या पोशाखाने मात्र ही चढण जगभर मोडलेली दिसते. १९४८ च्या मालिकापटात कर्क अ‍ॅलिन यांनी सुपरमॅन केला, तर कंपनीने जाहिरात अशी केली की भूमिकेला लायक नट मिळाला नाही म्हणून प्रत्यक्ष सुपरमॅनलाच घेतले आहे! नटाचे नाव पोशाखाने गिळले. १९७८ च्या गाजलेल्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह नायक, पण श्रेयनामावलीत पहिले नाव थोडा वेळ दिसणाऱ्या मार्लन ब्रँडोंचे, दुसरे जीन हॅकमन यांचे. रीव्ह तिसरे. आपल्याकडे १९८७ च्या हिंदी 'सुपरमॅन'मध्ये पुनीत इस्सर होते. 'कुली'च्या १९८२ मधल्या अपघाताने त्यांची कामे आटली होती. लोकांना ते आठवतात ते मात्र पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेतल्या दुर्योधनामुळे. मराठीत २०१५ मध्ये श्रेयस तळपदे यांनी 'बाजी'त मुखवटा चढवला आणि तो एकाच चित्रपटापुरता राहिला.

या सर्वांना पोशाख उतरवल्यावर जायला दुसरा सेट होता, निदान शोधायला तरी होता. शफीक यांना जायला माग होता. तुलना करायची तर मी त्यांची तुलना रीव्हशी करणार नाही, त्यांच्याच जिल्ह्यातल्या माणसांशी करीन.

१९१७ मध्ये फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये गणपत शिंदे यांचा हनुमान आकाशात उडाला. फाळक्यांचा कारखाना तेव्हा नाशकात होता. म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतीने माणूस उडवण्याचा उद्योग नाशिक जिल्ह्यात शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्याच चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती फाळक्यांना मिळाली ती ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात, कारण बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. मालेगावातही नव्वद वर्षांनी नायिका बाहेरगावाहून आणावी लागली. साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायालेखक झाले. त्यांना ही वाट मिळाली, कारण फाळक्यांचा कारखाना हा खरोखर कारखाना होता : तिथे पगार होता, राहणे-जेवणे होते, पुढच्या चित्रपटाची खात्री होती. मालेगावात कौशल्य तेवढेच, हिंमत कदाचित जास्त, पण कारखाना फक्त कापडाचा.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात साळुंके आहेत, शफीक नाहीत. भाषा मराठी नाही म्हणून, असे उत्तर येईल. मूकपट तरी कुठल्या भाषेत होते?

आता 'सुपरबॉइज'. चित्रपट चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. विशेषतः लेखक फरोग जाफरी यांची मुंबईबद्दलची ओढ आणि श्रेयावरून उडालेले खटके चित्रपटाने गंभीरपणे घेतले आहेत. विनीतकुमार सिंह यांनी ती भूमिका कडवटपणा न लपवता केली आहे. हेच विनीतकुमार त्याआधी दोनच आठवडे 'छावा'त कवी कलश म्हणून दिसले होते. 'गँग्ज ऑफ वासेपूर'पासून (२०१२) इथवर यायला त्यांना बरीच वर्षे लागली, आणि मधला 'मुक्काबाज' त्यांना स्वतः लिहायला हात लावावा लागला. पडद्यावरच्या फरोगची तडफड त्यांना बाहेरून आणावी लागली नसणार. नासिरच्या भूमिकेतले आदर्श गौरव 'द व्हाइट टायगर'मुळे बाफ्टाच्या नामांकनापर्यंत गेलेले, आणि शफीक करणारे शशांक अरोरा 'तितली'मुळे कान महोत्सवापर्यंत. तिघेही मुंबईच्या उद्योगात कडेकडेने आत आलेले नट. निवड विचारपूर्वक आहे. अरोरांचा अबोल, चोरून आनंदणारा शफीक मला आवडला.

पण एका ठिकाणी कथापटाने उलटापालट केली आहे. खऱ्या शफीक यांना तोंडाच्या कर्करोगाने २०११ मध्ये मृत्यू आला. माहितीपटाचे चित्रीकरण त्याच्या काही वर्षे आधीचे. सुपरमॅनच्या पोशाखात आपण जो माणूस पाहतो तो हसता-खेळता, नवविवाहित, कामावरून सुट्टी काढून आलेला आहे. 'सुपरबॉइज'मध्ये मात्र आधी आजाराचे निदान होते, आणि मग पांगलेले मित्र एकत्र येऊन मरणाऱ्या दोस्तासाठी त्याला नायक करून चित्रपट काढतात. प्रेक्षक रडतो. मीही डोळे पुसले, खोटे कशाला बोलू. घरी परतताना मात्र काहीतरी खुपत राहिले.

खुपले ते असे. कथापटाने ही भूमिका मित्रांनी दिलेली भेट केली. माहितीपटात ती भेट नव्हती, निवड होती. हा माणूस या भूमिकेला शोभतो, याच्या अंगकाठीत विनोद आहे, म्हणून याला घ्यायचे : दिग्दर्शकाने नटाकडे पाहावे तसे नासिर यांनी शफीक यांच्याकडे पाहिले होते. एका मजुराच्या वाट्याला आलेली ही व्यावसायिक कदर होती. आजार आधी आणल्याबरोबर तिची दया झाली. शफीक निरोगी असताना, केवळ लायक होते म्हणून नायक झाले, ही साधी गोष्ट आपल्या मोठ्या चित्रपटाला पुरेशी का वाटू नये? कथापटाला घटना हलवण्याची मुभा असते हे मान्य. मुभा घेतल्यावर काय गमावले तेही मोजावे लागते.

आणखी एक बारीक नुकसान आहे. 'मालेगाव का सुपरमॅन' गावातल्या घाणीविरुद्ध आणि तंबाखूविरुद्ध लढतो. त्याच नटाला पुढे तोंडाचा कर्करोग व्हावा, हा योगायोग कुणी लिहिला असता तर आपण लेखकाला भडक म्हटले असते. वास्तवात तो कुणाच्या ध्यानीमनी नसताना आला. माहितीपट आज पाहताना तंबाखूवरचे विनोद घशात अडकतात, ते यामुळेच. पडद्यावरच्या कुणालाच पुढचे माहीत नाही. कथापटात सगळ्यांना सगळे माहीत आहे.

नासिर यांच्या मंडळींनी पुढे सब टीव्हीसाठी 'मालेगाव का चिंटू' केले. त्यानंतर खान्देशी विनोदाच्या छोट्या फितींची लाटच यूट्यूबवर आली. त्यातल्या 'छोटू दादा'ला कोट्यवधी प्रेक्षक आहेत. इथे नटाला मुंबईला जावे लागत नाही, सुट्टी टाकून परतावेही लागत नाही, हेच काम होते. सुपरमॅनच्या वेळी जी वाट नव्हती ती ही असावी. या फितींतला विनोद पुष्कळदा आचरट असतो आणि त्यात दम्याच्या सुपरमॅनची धार मला क्वचितच सापडते. परवा शांतीनगरकडच्या एका मागाच्या खोलीत गेलो होतो. ताणा तुटलेला, माग थांबलेला, आणि कामगार बीमवर मोबाइल टेकवून छोटू दादा बघत हसत होता. काचेवर कापसाचा थर होता. दोरा जोडून झाल्यावर त्याने फीत थांबवली आणि माग चालू केला.