गृहसजावटींतील ‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’

घराच्या अंतर्भागाच्या सजावटीविषयीं बोलतांना ‘आधुनिक’ व ‘समकालीन’ हे दोन शब्द हल्लीं एकाच अर्थानें योजले जातात. आपल्या भाषेंत दोहोंचाही अर्थ ‘आजचें’ असाच होत असल्यामुळें हा घोटाळा साहजिक आहे. परंतु कलेच्या इतिहासांत ‘आधुनिक’ हें एका संप्रदायाचें नांव आहे, आणि ‘समकालीन’ हें केवळ चालू क्षणाचें. संप्रदायाला तत्त्वें असावीं लागतात. क्षणाला तीं असतातच असें नाहीं. पुढील सारा भेद यांतूनच निघतो.

१९१९ सालीं वॉल्टर ग्रोपिअसनें जर्मनींतील वायमार येथें ‘बाउहाउस’ ही शाळा काढली. नाझी राजवटीच्या दडपणाखालीं ती १९३३ सालीं बंद पडली. वस्तूचें काम काय, व तें कमींत कमी सामग्रींत कसें साधेल, हा या मंडळींचा मुख्य प्रश्न होता. मार्सेल ब्रॉयरनें १९२५ च्या सुमारास वाकविलेल्या पोलादी नळ्यांवर कापड ताणून जी खुर्ची केली, तींत नक्षीला जागाच नव्हती. कारखान्यांत होणारी, म्हणून सर्वांस परवडणारी सुबक वस्तु, ही यामागील आकांक्षा. ती पुष्कळ अंशीं अपुरीच राहिली. शिवाय तत्त्वाच्या भरांत घरांत राहणाऱ्या माणसाचाही विसर पडला. पॅरिसजवळ प्वासी येथें ल कोर्बुझिएनें १९३१ सालीं पुरा केलेला सव्हॉय कुटुंबाचा बंगला जगभर वाखाणला गेला; पण त्याचें छप्पर गळत असे, आणि घरच्या बाईंस त्याविषयीं वारंवार तक्रारी लिहाव्या लागल्या.

समकालीन शैलीवर असा वचनभंगाचा आरोप येत नाहीं, कारण तिनें कसलेंच वचन दिलेलें नसतें. १९८१ सालीं मिलान येथें एत्तोरे सोत्सास व त्याच्या ‘मेंफिस’ मंडळानें मांडलेलें भडक रंगांचें फर्निचर त्या वेळीं समकालीन होतें. २०१० नंतर राखी व पांढऱ्या रंगांची चलती झाली, मग मातकट रंग व गोलाईचे कोच आले. तथापि तिच्या औदार्याचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. आजीची पितळी समई, शिसवी झोपाळा आणि पोलादी दिवा हीं एका दिवाणखान्यांत ती सुखानें नांदूं देते. कट्टर आधुनिकानें पहिल्या दोहोंस माळ्यावर धाडलें असतें.

या दोन दृष्टींची गांठ आपल्याच देशांत, चंडीगड येथें, पडली आहे. ल कोर्बुझिएचा नात्यांतील बंधु व सहकारी पिएर जानरे यानें १९५० नंतरच्या दशकांत तेथील सरकारी कचेऱ्या व विद्यापीठ यांकरितां सागवान व वेत यांच्या साध्या खुर्च्या करविल्या. लांकूड टिकाऊ, वेतांतून वारा खेळता, आणि घडविणारे सुतार येथलेच. पुढें त्या जुन्या झाल्या, अडगळींत पडल्या, भंगाराच्या भावानें लिलावांत गेल्या. आणि परदेशांतील लिलावांत त्यांनाच लाखो रुपये पडूं लागले. अखेर २०११ सालीं केंद्र सरकारला अशा वस्तूंच्या विक्रीस मनाई करावी लागली. आज त्यांच्या नकला समकालीन दिवाणखान्यांत शोभेसाठीं मांडलेल्या दिसतात. खुर्ची तीच, परंतु कारकुनाच्या पाठीला आधार देण्यासाठीं जन्मलेली ती खुर्ची आतां यजमानाच्या अभिरुचीची साक्ष देत उभी आहे.

आमच्या मतें, सर्व दोष पदरीं घेऊनही आधुनिक शैलीच श्रेष्ठ ठरते. तिनें प्रश्न विचारला, म्हणून तिचें उत्तर चुकलें हें आपणांस दाखवितां येतें. गळकें छप्पर तिच्याविरुद्ध पुरावा होऊं शकतें. समकालीन शैलीला मात्र जुनें होणें याखेरीज दुसरा दोष ठाऊक नाहीं, आणि तो दोष तिला कालांतरानें जडतोच. मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यांत एकदोनदांच घर लावतें. त्यानें मांडणी हवी तितकी समकालीन करावी. पण प्रत्येक वस्तु उंबरठ्याच्या आंत घेण्यापूर्वीं तिला तो जुना, आधुनिक प्रश्न अवश्य विचारावा: तुझें येथें काम काय?