मासे का घटले? – पुराव्यांची पारख

नदीतले मासे का घटले, असे विचारले की आमच्या करमाड परिसरात उत्तर तयार असते: धरण! पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, मासे त्यानंतर घटले, म्हणून ते धरणामुळे घटले, असा हा युक्तिवाद. पण ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. हा फरक वर्गात समजावून देण्यासाठी कावेरीतील महाशीर माशाचे उदाहरण उपयोगी पडेल.

पाठीवर कुबड असलेला एक महाशीर कावेरीत मूळचा आहे. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवीआय’ अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. संशयित कारणे अनेक: धरणे, घटलेला प्रवाह, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी चोरटी मासेमारी आणि बाहेरून आणलेला दुसरा महाशीर.

हा दुसरा आपल्याकडचाच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला, निळसर परांचा ‘टॉर खुद्री’. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन झाले आणि बोटुकली अनेक नद्यांत, कावेरीतही, सोडली गेली. हेतू संवर्धनाचाच होता.

आधी धरणांचा विचार करू. कावेरीवरील मेट्टूर धरण १९३४ चे. त्यानंतर १९४६ मध्ये कबिनी या उपनदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर गळाला लागला. मग धरण निर्दोष ठरते काय? नाही. एवढा मोठा मासा बराच वयस्क असतो. तो सापडला म्हणजे नवी पिल्लेही होत होती असे सिद्ध होत नाही.

पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी २०१५ मध्ये गॅलिबोर येथील हौशी मासेमारांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदवह्या तपासल्या. २३,६२० तासांत ६,१६१ महाशीर, म्हणजे सरासरी चार तासांना एक. दर तासाला मिळणारे मासे या काळात वाढत गेले. केवळ एवढेच पाहिले असते तर ‘महाशीर सुखरूप’ असा निष्कर्ष निघाला असता! दोन प्रकार वेगळे मोजल्यावर मात्र दिसले, की निळसर परांचा वाढत होता आणि कुबडवाला घसरत होता.

आमच्या मते या अभ्यासाचे खरे मोल येथे आहे. पाणी घटले किंवा सुरुंग उडाला तर झळ दोघांनाही बसावी. एकच का घटला, याचे उत्तर ही कारणे सहज देत नाहीत. नवागत मासा देऊ शकतो. तरीही हा संशय बळकट आहे, सिद्ध नाही. नोंदी एकाच टापूतल्या आहेत. त्या सुरू होण्यापूर्वीच बोटुकली सोडली गेली होती, त्यामुळे तुलनेला ‘आधीची’ स्थिती नाही. शिवाय बदललेले पाणी एका जातीला दुसरीपेक्षा अधिक बाधले असणेही शक्य आहे.

अमेरिकेत सामन माशांच्या घटीसाठी मासेमारी, अधिवासाचा नाश, जलविद्युत धरणे आणि मत्स्यबीज केंद्रे अशी चार कारणे एकत्र तपासतात. उपाय म्हणून उभारलेले केंद्रही तेथे संशयितांच्या यादीत असते, हे लक्षात घ्यावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: ‘हे कारण खरे असेल, तर आणखी काय घडलेले दिसायला हवे?’ गावच्या तलावावरील मासेमारांना भेटून कोणता मासा, किती, किती वेळात मिळाला, याची वर्षभर नोंद ठेवता येईल. मात्र जातवार मोजावे. नुसत्या एकूण वजनाने फसगत होते.