खोटं काय: दागिना की दावा?

व्हिक्टोरियाच्या काळात युरोपला रेनेसाँचं वेड लागलं. मीनाकाम, माणकं, ओबडधोबड आकाराचे मोती, जलदेवता. सोळाव्या शतकाच्या थाटाचे दागिने नव्याने घडू लागले. या शैलीचं मोल ठरवायचं तर दोन सोनार शेजारी ठेवून पाहावेत, असं आम्हाला वाटतं.

पहिला कार्लो जुलियानो. मूळचा इटलीचा, नाव कमावलं लंडनमध्ये. त्याची पदकं रेनेसाँच्या वळणाची, पण त्यांवर त्याच्या नावाची आद्याक्षरं असत. म्हणजे घाट जुना, जबाबदारी आपली.

दुसरा जर्मनीतल्या आखेनचा राइनहोल्ड फास्टर्स (१८२७–१९०९). तिथल्या कॅथेड्रलच्या खजिन्यातल्या वस्तू तो दुरुस्त करी. त्याच्या नव्या वस्तूही जुन्या म्हणून नामांकित संग्रहांत जाऊन बसल्या. त्याची हजारावर रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती. १९७९ साली चार्ल्स ट्रूमन यांनी त्यांवर लेख लिहिला आणि ठिकठिकाणच्या पाट्या बदलल्या.

त्यातला एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातला रोस्पिल्योझी चषक. खाली कासव, त्यावर ड्रॅगन, वर सोन्याचा शिंपला, काठावर स्फिंक्स. एके काळी तो खुद्द चेल्लिनीचा मानला जाई. आता विचारू या, पाटी बदलली तेव्हा चषकातलं काय बदललं? सोनं तेच, मीना तोच. मग कौतुक का ओसरलं? नावाचंच होतं का ते?

नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की अस्सल-नक्कल कळलं की आपली पाहण्याची रीतच बदलते. हे आम्हाला पटतं. आज तो चषक पाहिला की कळतं, रेनेसाँकडून हवं होतं ते सगळं एकोणिसाव्या शतकाने एकाच वस्तूत रचलंय. ही हाव त्या शतकाची. ती आधी दिसली नाही, कारण पाहणाऱ्यांचीही हाव तीच होती.

म्हणून आमचं मत असं: फास्टर्सचा हात खोटा नव्हता, त्या हाताच्या कामाला चिकटवलेला जन्मकाळ खोटा होता. कारागीर म्हणून त्याला कमी लेखू नये. पण जुलियानोला एक पायरी वर ठेवावं, कारण त्याचा दागिना आपल्याला फसवून नव्हे, सांगून आवडतो. सौंदर्याला वंशावळ लागत नाही, हो. पण खोटी वंशावळ जोडली, की आपण दागिना पाहायचं सोडतो आणि पाटी वाचत बसतो.