‘तिलावा’ आणि एक उसनी उपमा

‘तिलावा’ जहाजाविषयीं अलीकडे जें लिहिलें जातें, त्यांत ‘भारताचें टायटॅनिक’ ही उपमा हटकून येते. ती आम्हांस मान्य नाहीं. कां, तें येथें सांगावयाचें आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें हें जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून आफ्रिकेस निघालें. २३ तारखेच्या रात्रीं जपानी पाणबुडी आय-२९ हिनें त्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडेना, म्हणून होड्यांत उतरलेलीं कांहीं माणसें परत वर चढलीं. पुढें दुसरा टॉर्पेडो बसला. ९५८ जणांपैकीं २८० गेले. उरलेल्यांस ‘बर्मिंगहॅम’ युद्धनौकेनें व ‘कार्थेज’ जहाजानें वांचविलें.

आतां उपमेकडे वळूं. साम्य नुसत्या बुडण्याचें आहे कीं मर्माचें, हें पाहिलें पाहिजे. टायटॅनिक हिमनगावर आदळलें. तेथें मनुष्याची घमेंड आणि निसर्ग यांची गांठ पडली. येथें मनुष्यानेंच मनुष्यावर नेम धरला. आणि ज्या प्रजेस युद्धांत पडावें कीं नाहीं हें कोणीं विचारलेंहि नव्हतें, तिचीं कुटुंबें त्यांत सांपडलीं.

शिवाय याच आय-२९ नें एप्रिल १९४३ मध्यें सुभाषबाबूंना मादागास्करनजीक जर्मन पाणबुडीवरून उतरवून घेतलें व साबांगला पोंचविलें. एकच पाणबुडी आमच्या पुढाऱ्याचें वाहन आणि आमच्याच माणसांचा काळ! हा पेंच कोणत्याहि उसन्या उपमेंत मावत नाहीं. तो उलगडून दाखविणें हें कादंबरीकाराचें काम आहे, आणि उपमा हाताशीं असली कीं तें टळतें, हा आमचा मुख्य आक्षेप.

जहाजाबरोबर बुडालेल्या चांदीच्या २,३६४ लगडी २०१७ मध्यें वर काढल्या गेल्या, आणि त्यांवरील दाव्याचा निकाल २०२४ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. चांदीचा हिशेब न्यायालयांत होतो; माणसांचा साहित्यानेंच ठेवावयाचा असतो.

बारामतीजवळच्या कन्हेरींत समुद्र नाहीं. तेथें मारुतीच्या देवळापुढें बसलेल्या एखाद्या वृद्धास ही हकीकत सांगितली, तर तो टायटॅनिकची चौकशी करणार नाहीं. ‘त्यांत आपलीं किती होतीं, आणि त्यांच्या घरीं कोणीं कळविलें?’ एवढेंच तो विचारील. लेखकानेंहि तेथूनच आरंभ करावा, असें आम्हांस वाटतें.