गिटारचे गाणे आणि गिटारचे बोलणे

मराठी रसिक हा मुळात शब्दांचा भक्त आहे, असे म्हटले तर फारसे कोणी रागावणार नाही. नाट्यपद असो, अभंग असो की भावगीत असो, सूर कितीही गोड असला तरी त्याचे बोट धरून एखादा शब्द चाललेला आम्हांला हवा असतो. सतार, सरोद, व्हायोलिन ही वाद्ये आम्ही ऐकतो. पण त्यांच्या सुरावटीवर कोणते पद बसते, हे मनातल्या मनात शोधीतच ऐकतो. अशा श्रोत्याने पाश्चात्त्य रॉक संगीतातील, आणि त्यातही ज्यांत गायक नाही, शब्द नाही, केवळ गिटार आहे अशा रचनांसंबंधी लिहावे, हे धाडसच होय. परंतु बंगळूरच्या वास्तव्याने ते आमच्याकडून करविले आहे.

चार वर्षांपूर्वी आमची बदली येथे झाली. सरकारी वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर एका कन्नड सहकाऱ्याचे बिऱ्हाड आहे. त्यांचा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि रात्री जेवणानंतर गिटार वाजवितो. एकच तुकडा तो चाळीस चाळीस वेळा घोटीत बसे. महिनाभर आम्ही सोसले. मग एके रात्री तक्रार करण्याच्या निश्चयाने जिना चढलो. आमची कन्नड 'स्वल्प स्वल्प'च्या पलीकडे गेलेली नव्हती आणि त्याचे हिंदी त्याहून बेताचे होते, त्यामुळे भांडण रंगेना. त्याने आम्हांस खुर्ची दिली आणि "अंकल, ये सुनो," एवढेच म्हणून तो तुकडा मुळात कसा आहे ते ध्वनिमुद्रणावर ऐकविले. ती रचना जेफ बेक यांची होती. तक्रार न करताच आम्ही खाली आलो. पुढील दोन वर्षे त्या मुलाच्या आणि त्याच्या मित्रांच्या बैठकीत बसून आम्ही हे संगीत ऐकले. प्रस्तुत लेख हे त्या श्रवणाचे फळ आहे.

या बैठकीत वाद होत, आणि ते आमच्या चांगल्याच ओळखीचे होते. बालगंधर्व श्रेष्ठ की मास्टर दीनानाथ, या प्रश्नावर आमच्या आजोबांच्या पिढीने पानाचे डबे रिते केले होते. येथे व्यक्ती निराळ्या, पण तराजू तोच. तरुण मंडळी तयारीला मान देत: एका क्षणात किती स्वर, आणि ते किती स्वच्छ? आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणत असू, की वाद्य गाते की नाही ते पाहा. हा वाद आमच्या हिंदुस्थानी संगीतात गायकी अंग आणि तंतकारी अंग या नावांनी चालत आला आहे. कर्नाटक संगीतातही तो आहेच. तंजावरच्या वीणावादनाचा ओढा गळ्याकडे. म्हैसूरच्या परंपरेत मात्र तारेवरील आघाताला, वीणेच्या स्वतःच्या बोलाला अधिक मान. याच बंगळूरच्या आकाशवाणीवर ज्यांनी दीर्घकाळ सेवा केली ते दोरेस्वामी अय्यंगार (१९२०–१९९७) या म्हैसूर परंपरेचे. तेव्हा गिटारने गावे की गिटारने बोलावे, हा प्रश्न परदेशातून आयात झालेला नाही.

वादात शिरण्यापूर्वी एका गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. विजेवर चालणारी गिटार जन्मास आली ती गोंगाट करण्याच्या हौसेने नव्हे. १९३० च्या सुमारास मोठ्या वाद्यवृंदांत तुताऱ्यांपुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज कोणाला ऐकूच जाईना. ती केवळ ठेका धरणारी साथीदार होऊन बसली. विजेने तिला आवाज दिला आणि त्यासरशी ती स्वतंत्र बोलू लागली. मल्लेश्वरमजवळचे व्हायोलिनच्या आकाराचे चौडय्या स्मारक सभागृह बंगळुरात राहणाऱ्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल; ते १९८० साली उभे राहिले. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्या टी. चौडय्या यांची (निधन १९६७) अडचण नेमकी हीच होती. मोठ्या सभेत व्हायोलिन मागच्या रांगेपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी चार तारांच्या जोडीला आणखी तीन तारा बसविल्या. साथीला बसणाऱ्याने आपला आवाज ऐकू जावा म्हणून केलेला हा प्रयत्न. दप्तरात ज्यांची टिपणी वरच्या सहीखाली नाहीशी होते, अशा आम्हां कारकुनांना या धडपडीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आता प्रथम गाणाऱ्या गिटारकडे वळू. इंग्लंडमधील 'शॅडोज' या चमूची 'अपाची' ही रचना १९६० ची. जेरी लॉर्डन यांच्या त्या चालीत हँक मार्विन यांनी एकही स्वर वाया जाऊ दिलेला नाही. प्रत्येक स्वरामागे त्याचा प्रतिध्वनी येतो आणि दोन स्वरांमधली मोकळी जागा त्याने भरून निघते. १९६८ ची 'फ्लीटवुड मॅक' या चमूची 'अ‍ॅल्बट्रॉस' ही त्याहून संथ. तिचे रचनाकार पीटर ग्रीन तयारीच्या वादकांत मोडत. पण येथे त्यांनी सारी तयारी बाहेर ठेवून मैफलीत प्रवेश केला आहे. समुद्रावर पंख न हालविता तरंगणारा पक्षी जसा, तशी ती चाल पुढे सरकते. विलंबित ख्यालात ज्याचे मन रमते त्या मराठी श्रोत्याने आरंभ येथून करावा, अशी आमची शिफारस आहे.

या घराण्याचा मेरुमणी मात्र जेफ बेक (निधन २०२३). १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो' या संग्रहातील 'कॉज वुई'व्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स' हीच ती रचना, जिने आमची तक्रार गिळली. चाल स्टीव्ही वंडर यांची, आणि तिला मुळात शब्द होते. सिरीटा या गायिकेने ते आधी गाइलेले होते. बेक यांनी शब्द काढून टाकले आणि आवाज कमीजास्त करणारी खुंटी फिरवीत स्वराचा आरंभीचा आघातच पुसून टाकला. त्यामुळे स्वर तारेवर वाजल्यासारखा न वाटता कंठातून उमटल्यासारखा वाटतो. मींड अशी, की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो वाटेत क्षणभर घुटमळतो. गिटारमधून गायकी काढण्याचे सामर्थ्य आपल्याकडेही सिद्ध झाले आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी मांडून तीवर राग वाजविले आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरी यांच्या बरोबरीने तिला बसविले. परंतु काब्रांच्या हाती तारेवर सरकणारी पट्टी होती. बेक यांनी हे पडदे असलेल्या उभ्या गिटारवर साधले, हे ध्यानी घ्यावे.

येथवर आमच्या मताला पुष्टीच मिळत होती. परंतु गाणे हीच एकमेव कसोटी मानली, तर दुसऱ्या घराण्यावर उघड अन्याय होतो, हे आम्हांस हळूहळू उमगले. १९५८ ची लिंक रे यांची 'रंबल' घ्या. तीत गाण्यासारखी चाल जवळजवळ नाहीच. जड, खरखरीत आघात आहेत. ही खरखर साधण्यासाठी रे यांनी ध्वनिवर्धकाच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली होती. अमेरिकेतील काही रेडिओ केंद्रांनी या रचनेवर बंदी घातली. जिच्यात आक्षेप घ्यायला एक शब्दही नाही तिच्यावर बंदी! वाद्य स्वतःच्या बोलीत काय सांगू शकते, याचा याहून निर्णायक पुरावा कोणता?

डिक डेल यांची १९६२ ची 'मिसर्लू' हीही बोलणारी. भूमध्य समुद्राच्या पूर्वकाठावरची जुनी लोकधून डेल यांनी मुख्यतः एका तारेवर, अतिद्रुत लयीत, नखीच्या अखंड उलटसुलट प्रहारांनी वाजविली. तिचे स्वर ऐकताना आम्ही दचकलो. ऋषभ आणि धैवत कोमल, बाकीचे शुद्ध: म्हणजे आपला भैरव! वरच्या मजल्यावरील मातोश्री स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी तोच स्वरसमूह मायामाळवगौळ म्हणून गाऊन दाखविला. पुरंदरदासांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे कर्नाटक संगीताचा प्रत्येक विद्यार्थी याच रागाने आरंभ करतो. आमच्याकडे जो पहाटेचा गंभीर राग, तो त्यांच्याकडे बाराखडी, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तोच लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांचा आरोळा. स्वर तेच, बोली तीन.

एडी व्हॅन हेलन (निधन २०२०) यांची १९७८ ची 'इरप्शन' एक मिनिट बेचाळीस सेकंदांत संपते. उजव्या हाताची बोटेही पडद्यांवर आपटून त्यांनी जे स्वरजाल विणले, त्याने एका पिढीचे वादन बदलले. मौज अशी, की हा मुळात त्यांचा सराव होता. तो कानी पडला म्हणून मुद्रित झाला. व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेल्या क्रॉइट्झर यांच्या एका अभ्यासपाठाचा तुकडाही तीत येऊन जातो. म्हणजे हा रियाजच आहे, आणि तो आपण रियाजच आहोत हे लपवीत नाही. वेगावर वेग चढत जातो, पण रचना योग्य वेळी थांबते. ज्याला थांबण्याची जागा कळते त्याच्या वेगाला आम्ही नावे ठेवणार नाही.

दोन्ही घराण्यांच्या सीमेवर जिमी हेन्ड्रिक्स उभे आहेत. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक येथे त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजविले. चाल गायकीची, मध्येच तारा किंचाळतात, बॉम्ब कोसळल्यासारखे आवाज उठतात. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. श्रोत्यांना गीताचे शब्द पाठ होते, म्हणूनच त्या शब्दांची अनुपस्थिती इतकी बोलकी झाली. शब्द सोडणे म्हणजे अर्थ सोडणे नव्हे, हे आमच्यासारख्या शब्दभक्ताला पटावे असे दुसरे उदाहरण नाही.

आता गुरुशिष्य परंपरा. जो सॅट्रियानी यांनी स्टीव्ह वाय यांना शिकविले. 'मेटॅलिका'चे कर्क हॅमेट हेही त्यांचेच शिष्य, ज्यांना ऐकावयास ३० ऑक्टोबर २०११ रोजी येथील पॅलेस ग्राउंड्सवर प्रचंड गर्दी लोटली होती. सॅट्रियानींच्या १९८७ च्या 'सर्फिंग विथ द एलियन'मधील 'ऑल्वेज विथ मी, ऑल्वेज विथ यू' ही रचना साधी, प्रसन्न आहे. द्रुत तुकडे येतात ते चालीच्या ओघात आणि चालीतच विरतात. वाय यांनी उमेदवारीच्या काळात फ्रँक झॅपा यांचे संगीत कानाने ऐकून कागदावर उतरविण्याचे काम केले, म्हणजे ते आमचेच जातभाई! त्यांच्या १९९० च्या 'फॉर द लव्ह ऑफ गॉड'ची मुख्य धून भक्तिभावाची आहे, आणि ती ऐकताना आम्हीही हात जोडले. परंतु पुढे तानांचा असा वर्षाव होतो, की ज्याच्यासाठी हे चालले आहे तो देव गाभाऱ्यातच राहतो आणि आपण सभामंडपातील रोषणाई पाहत बसतो. आमच्या तरुण मित्रांना हे मत मान्य नाही. त्यांचे म्हणणे, आर्तता वाढली की स्वर वाढणारच. म्हणणे चुकीचे नाही. पण तानेनंतर धून परतते तेव्हा ती आधीपेक्षा अधिक भारलेली वाटली पाहिजे. वाय यांच्या रचनेत ती आम्हांस तेवढीच वाटते.

तेव्हा आमचा कौल असा: वेग मोजू नये आणि गळ्याशी साम्यही मोजू नये. शब्द नाहीत याची आठवण श्रोत्यास होते काय, एवढेच पाहावे. 'रंबल' ऐकताना ती होत नाही, 'अ‍ॅल्बट्रॉस' ऐकताना होत नाही, 'इरप्शन' संपेपर्यंत ती व्हायला उसंतच मिळत नाही. बेक यांच्या रचनेत ती होते, पण कोणी गेल्यावर त्याची खुर्ची दिसावी तशी होते. आणि तेच तिचे सौंदर्य. म्हणून पहिले स्थान आम्ही तिला देतो.

शेवटी एक कबुली. परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींचे अर्धे आयुष्य अर्धवट कळलेल्या शब्दांत जाते. बसवाहक काय म्हणाला, शेजारीण का हसली, याचा अंदाज बांधीत आपण घरी येतो आणि मराठी मासिक उघडून सुटकेचा श्वास टाकतो. वरच्या मजल्यावरील त्या खोलीत मात्र आम्हांस अंदाज बांधावा लागला नाही. तेथे सारेच सारखे परके होते आणि सारखेच घरचे. तेवढ्यावर संतुष्ट राहू नये, म्हणून आम्ही त्या मातोश्रींकडे आता कन्नड शिकतो. मुलगा अजून बेक यांची ती मींड घोटतो आहे. ती त्याला साधलेली नाही, हे आम्हांस आता खालच्या मजल्यावरूनही कळते.