कच्चा लिंबू आणि बॉट

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही भाषेवर एवढं बोलता, आमच्या मुलाचं बोलणं एकदा ऐका. हेडफोन लावून बसतो आणि नूब, लॅग, रश, नॉक, रिव्हाइव्ह. ह्यात मराठी कुठं राहिली?" तेव्हा आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. आज नीट बोलू.

मराठी बाटली, ही तक्रार आधी बाजूला ठेवू. आमच्या पिढीने विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजलं. हे काय आहे? ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. चक्क तेलुगू आकडे! पोरगं तेलुगू बोलतंय म्हणून कुणाच्या आईने रट्टा दिल्याचं आम्हाला आठवत नाही. (हशा) खेळाचे शब्द खेळाबरोबर फिरतात, त्यांच्याकडे कुणी जातीचा दाखला मागत नाही.

दुसरी तक्रार अशी, की ही भाषा तुटक आहे. असेल. पण विट्गेन्स्टाइनचं १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं पुस्तक ज्यांनी चाळलं असेल त्यांना त्यातला गवंडी आठवेल. गवंडी ओरडतो ठोकळा, खांब, लादी, तुळई, आणि त्याचा मदतनीस ती ती वस्तू आणून देतो. शब्द चारच, पण त्या कामापुरती ती पुरी भाषा आहे, असं समजा, असं तो सांगतो. आता पब्जी घ्या. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात हा खेळ होता, पुढच्या वर्षी तो बीजीएमआय ह्या नावाने परत आला. मधल्या काळात शब्द काही कुठं गेले नाहीत. चौघांचा संघ असतो. गोळी लागून जीव संपत आला की खेळाडू लगेच मरत नाही, गुडघ्यावर येतो, रांगू लागतो. त्याला म्हणायचं 'नॉक'. मग तो ओरडतो, "नॉक झालो, रिव्हाइव्ह दे!" साथीदाराने त्याच्याजवळ जाऊन दहाएक सेकंद बसायचं, तेवढ्या वेळात त्याला स्वतःला गोळी झाडता येत नाही. म्हणून तिसरा म्हणतो, "मी कव्हर देतो." ह्या तीन शब्दांत एकाने दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणं आहे आणि तिसऱ्याने त्या दोघांना राखणं आहे. ह्याला तुटक म्हणून हिणवायचं काही कारण आम्हाला दिसत नाही.

मग अडतं कुठं? आम्ही स्वतः खेळून पाहिलं, तेव्हा अडलं. नातवाने फोन हातात दिला. आम्ही एका भिंतीला तोंड लावून पळत होतो, पाय हलत होते, माणूस जागेवर. नातवाचे मित्र हेडफोनमधून एकमेकांत बोलले, "हा कोण बॉट आणलाय?" आम्ही विचारलं, बॉट म्हणजे काय? नातू म्हणाला, "आजोबा, म्हणजे ज्याला खेळता येत नाही तो."

बॉट म्हणजे खरं तर संगणकाने चालवलेलं बाहुलं. नूब हा शब्द निदान नवख्याला माणसांत ठेवतो. आज येत नाही, उद्या येईल, एवढी जागा त्यात आहे. 'बॉट' म्हणताना समोर कुणी आहे हेच काढून घेतलं जातं. एनपीसीचंही असंच. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावरच्या खेळांत कुणाही खेळाडूचं नसलेलं पात्र, म्हणजे दुकानदार, पहारेकरी वगैरे, ते एनपीसी. २०१८ च्या सुमारास ती राजकीय वादात वापरायची शिवी झाली: ह्या माणसाच्या आत कुणी नाही, ठरलेली वाक्यं बोलतो. दुसऱ्याला मन आहे हे कशावरून, हा प्रश्न आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला, मुलं जांभया देत. त्याचं उत्तर सोळा वर्षांची पोरं रोज संध्याकाळी एका शब्दात देऊन मोकळी होतात.

आता आपल्या अंगणात येऊ. लपंडाव, पकडापकडी चालू असताना कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्ट करायचा. त्याला घ्यायचे आणि जाहीर करायचे, हा कच्चा लिंबू. तो पळणार, ओरडणार, सापडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. ह्याला औदार्य म्हणायची घाई नको. बहुतेकदा आईने गॅलरीतून दम दिलेला असायचा. आम्ही स्वतः दोन वर्षं कच्चा लिंबू होतो आणि आम्हाला त्याचा मनस्वी राग यायचा. ज्या दिवशी पहिल्यांदा खरं राज्य आलं त्या दिवशी आम्ही घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. पण एक गोष्ट बघा. ती सवलत उघड होती. ती खेळणाऱ्यांनी, आपापसांत भांडून, दिलेली होती. आणि तिच्यासाठी शब्द होता.

फोनवरच्या खेळात दुबळ्याला सवलत नसते का? असते, आणि अंगणापेक्षा जास्त असते. पब्जीत नवशिक्याला सुरुवातीच्या पातळ्यांवर जे शत्रू भेटतात त्यातले बरेचसे बॉट असतात. धड नेम न धरणारे, उघड्यावर उभे राहणारे. पोरगं पाच-सहा जणांना मारतं, खूश होतं, दुसऱ्या दिवशी परत येतं. ते परत यावं म्हणूनच ही सोय. म्हणजे कच्चा लिंबू शिल्लक आहे, पण तो कोण हे खेळणाऱ्यांना कळत नाही, खुद्द त्यालाही कळत नाही. सवलत द्यायचं काम कंपनीच्या प्रोग्रामने उचललं. आणि प्रोग्रामने पाठवलेल्या त्या बाहुल्यांचं नाव पोरांनी दुबळ्या पोराला दिलं. आमचा आक्षेप आहे तो इथं आहे, इंग्रजी शब्दांवर नाही.

सभ्यतेचंही तेच झालेलं दिसतं. 'जीजी' हा जुना शिष्टाचार, डाव छान झाला. कोरियात स्टारक्राफ्टच्या सामन्यांत हरणारा 'जीजी' लिहून हार मान्य करी, म्हणजे जवळजवळ हस्तांदोलनच. मग जिंकणाऱ्यांनी त्याला शेपूट जोडलं, 'जीजी ईझी', सोपं होतं रे तुला हरवणं. ओव्हरवॉच ह्या खेळाच्या कंपनीने २०१६ मध्ये काय केलं? कुणी हे लिहिलं की पडद्यावर त्याऐवजी स्वतःचीच टिंगल करणारं एखादं वाक्य उमटायचं. गंमत आली खरी, आम्हीही हसलो. पण कान धरायचं कामही यंत्राकडे गेलं. अंगणात रडीचा डाव खेळणाऱ्याला बाकीची पोरं दोन दिवस खेळायला घेत नसत. ते कठोर होतं, कधी अन्यायाचंही, पण पोरांचं होतं.

कुणी म्हणेल, सर, अंगणात सगळे ओळखीचे, इथं अनोळखी, तुलना बरोबर नाही. मुद्दा खरा आहे. आम्हाला बॉट म्हणणारी पोरं मात्र नातवाच्याच सोसायटीतली होती, शेजारच्या विंगमधली. त्यातल्याच एकाने आम्ही नॉक झाल्यावर धावत येऊन रिव्हाइव्हही दिलं, बॉट म्हणतच दिलं. तेव्हा करणी अजून शाबूत आहे, शब्द तेवढा बिघडलाय, असं आम्ही मानतो. हे मानण्यात म्हातारपणाचा भाबडेपणा असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.

गेल्या रविवारी नातवाची मामेबहीण आली होती, नऊ वर्षांची. तिला खेळायचं होतं. आम्ही नातवाला हळूच सुचवलं, मित्रांना सांग, ही कच्चा लिंबू आहे. त्याने सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "म्हणजे ती आऊट होत नाही." पलीकडे जरा शांतता. मग एकजण म्हणाला, "अरे, पण गेम तिला आऊट करणारच ना. आपण काय करणार?"

आता प्रश्न घेऊ. त्या बाई आल्या असतील तर पहिला त्यांचा.