संकेत, आकडी आणि तीन वाचक

अभियांत्रिकीच्या मराठी लेखनात 'सिग्नल' या शब्दासाठी 'संकेत' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास तो किंचित खटकतो. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत संकेत म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा असा ठराव. आणि ठराव म्हटला की तो करणारे व पाळणारे आलेच. काचेच्या पेटीत निजलेल्या दोन दिवसांच्या अर्भकाच्या मेंदूतून जे विद्युत्स्पंदन नोंदले जाते, ते कोणी कोणास धाडलेले नसते. त्यास अर्थ येतो तो वाचणाऱ्यांच्या आपापसांतील ठरावामुळे. नवजात रुग्णांच्या देखरेखीसाठी चाललेल्या संकेतसंस्करणाच्या संशोधनात या गोष्टीचा वारंवार विसर पडतो, आणि त्या विस्मरणावर अनेक तरुणांच्या संशोधनजीवनाची उभारणी होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकडीचे उदाहरण घेऊ. प्रौढास आकडी आली की ती बहुधा पाहणाऱ्यास कळते. नवजाताच्या बाबतीत पुष्कळ वेळा बाह्य लक्षण दिसतच नाही. मेंदूच्या विद्युत्-आलेखात, म्हणजे ई.ई.जी.तच, ती उमटते. येथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. खरी आकडी निसटली तर मेंदूस अपाय होण्याचे भय. नसलेली आकडी 'दिसली' तर फेनोबार्बिटोनसारखे गुंगी आणणारे औषध विनाकारण दिले जाते. रात्री तीन वाजता आलेख वाचू शकणारा तज्ज्ञ सर्वत्र हजर असणे शक्य नाही. तेव्हा ते काम यंत्राने करावे ही अपेक्षा रास्तच होय.

यंत्रास शिकवावयाचे तर आधी कोणीतरी वाचून ठेवलेले आलेख हवेत. हेलसिंकी विद्यापीठाच्या रुग्णालयातील ७९ पूर्ण दिवसांच्या नवजातांचे असे आलेख २०१९ साली सर्वांसाठी खुले करण्यात आले. या संग्रहाचा खरा मोठेपणा असा की, तिघा तज्ज्ञांनी ते स्वतंत्रपणे वाचले आणि तिघांचेही वाचन वेगवेगळे जपून ठेवले गेले. ३९ बालकांस आकडी आली याविषयी तिघांचे एकमत झाले. २२ जणांस आली नाही याविषयीही झाले. उरलेल्या १८ बालकांविषयी मात्र एकमत झाले नाही. एखाद्या बोलीतील स्वर ऱ्हस्व की दीर्घ याविषयी तीन कानांत मतभेद व्हावा, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, आमच्या मतभेदाने कोणाच्या शिरेत औषध जात नाही.

ठरावही स्थिर नाही. निदान दहा सेकंद टिकेल तीच आकडी, असा दंडक दीर्घकाळ पाळला गेला. २०२१ साली अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने नवजातांसाठी जी वर्गवारी मांडली, तीत ही किमान मर्यादा सोडून देण्यात आली. आकडीचा आरंभ, विकास व शेवट ओळखता यावा एवढा तिचा अवधी असला म्हणजे पुरे. व्याख्या बदलली, जुन्या आलेखांवरील खुणा मात्र जुन्याच व्याख्येच्या राहिल्या.

असे असता नित्याचा प्रबंध कसा सिद्ध होतो? उमेदवार तयार संग्रह घेतो, त्यावर नवी गणितपद्धती चालवितो आणि पूर्वीच्या प्रबंधापेक्षा अचूकतेचा आकडा दशांशाने वर नेतो. ज्या वाचनाशी ताडून हा दशांश मिळाला, त्या वाचनातच किती फट आहे, हे परीक्षक क्वचितच विचारतात. उमेदवारास दोष देण्यात अर्थ नाही. आलेखांवर खुणा करण्यात दोन वर्षे घालविणाऱ्यास नेमणूक मिळत नाही. दोन वर्षांत चार निबंध छापणाऱ्यास मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम आरंभिले, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमविल्या गेल्या, आणि कोशाचा पहिला भाग निघाला तो १९७६ साली. चिठ्ठी लिहिणाऱ्यासच शब्द कळतो, हे त्या पिढीस सांगावे लागत नव्हते. (आज त्या चिठ्ठ्यांचे 'गुणांकन' कसे झाले असते, हा विचार न केलेला बरा.)

याहून निराळी वाट नाही असे नव्हे. आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यक व विद्युत्-अभियांत्रिकी यांच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे एकत्र काम करून आकडी ओळखणारी एक पद्धती घडविली, आणि नुसत्या दशांशावर न थांबता युरोपातील आठ केंद्रांत प्रत्यक्ष रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रांजळ आहेत. कोणत्या बालकास आकडी येते हे ओळखण्यात यंत्राच्या साह्याने लक्षणीय सुधारणा झाली नाही. पण ज्या तासांत आकडी होती त्यांपैकी साह्य घेणाऱ्यांनी ६६ टक्के तास ओळखले, न घेणाऱ्यांनी ४५.३ टक्के. 'बालक' हे एकक धरले तर एक उत्तर, 'तास' धरला तर दुसरे! एककाची निवड हीच अर्धी मीमांसा असते हे भाषाशास्त्राने पदोपदी अनुभवले आहे; येथे ते रुग्णशय्येपाशी प्रत्ययास आले.

हेलसिंकीच्या त्या १८ आलेखांवर एखाद्या विद्यार्थ्याने स्वतंत्र प्रबंध लिहावा असे सुचवावेसे वाटते. तिघे वाचक नेमके कोणत्या क्षणी वेगळे झाले, आरंभाविषयी की शेवटाविषयी, की मुळात ती आकडी आहे याविषयीच? बोलींच्या सीमेवरील गावे आम्ही सर्वांत आधी पायाखाली घालतो, ती याच कारणाने. अशा प्रबंधात अचूकतेचा नवा आकडा नसेल. तो स्वीकारावयाचा की नाही, हे विद्यापीठांच्या संशोधनमंडळांनी ठरवावयाचे आहे.